ग्रंथालयाची पायरी चढा!



वार्षिक परीक्षा संपल्या आहेत. दप्तरे खुंटीला लागली आहेत. चौदा एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा यांच्या आगेमागचा हा काळ आपल्या घरांत सभा, मिरवणुका, पाहुणे आणि लग्नसराई यांचा असतो. या गडबडीत मुलामुलींच्या हाती दीड-दोन महिन्यांचा मोकळा वेळ येऊन पडतो, आणि तो कसा गेला याचा जाब शाळा उघडली तरी कोणी कोणाला विचारीत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांचे पुस्तकांचे कपाट आहे, त्यांच्या मुलांची एखादी सुट्टी वाया गेली तर फारसे बिघडत नाही; कपाट पुढल्या वर्षीही तेथेच असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ते कपाट नाही. म्हणून मुलांची सुट्टी हा आपल्यापुरता तरी कुटुंबाच्या उत्कर्षाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच गावात, बाजारपेठेच्या वाटेवर उभे असते. ते उत्तर म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय होय.

या ग्रंथालयांत उन्हाळ्याच्या आरंभी नव्या पुस्तकांची भर पडलेली असते. काही ठिकाणी चित्रपटांच्या तबकड्याही असतात. त्यांतून या सुट्टीत काय घरी आणावे, हे आम्ही पुढे सांगणारच आहोत. परंतु त्याआधी ती आणण्याचा तुमचा अधिकार कोणत्या स्वरूपाचा आहे हे स्पष्ट झाले पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, सार्वजनिक ग्रंथालय ही सार्वजनिक पाणवठ्यासारखीच हक्काची जागा आहे, आणि जो हक्क वापरला जात नाही तो कागदावरच वाळून जातो.

हा नुसता अलंकार नव्हे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले यांचा प्रसिद्ध ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुले असावेत, असा त्याचा आशय होता. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. ठराव झाला, परंतु तळ्याचे पाणी कोणी प्याले नाही. ते पाणी ओंजळीत येण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्या ओंजळीवर मुंबई उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब होण्यास १७ मार्च १९३७ ही तारीख यावी लागली. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर असते, ते माणसाला पायांनी चालून जावे लागते. कायदा त्याला उचलून नेत नाही.

बोल्यांच्या ठरावातील यादीत ग्रंथालयाचे नाव नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ती उणीव भरून काढण्याची दृष्टी परमपूज्य बाबासाहेबांची होती. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने ग्रंथालये व अभ्यासमंडळे उघडणे हे काम नमूद केलेले आढळते. ज्या समाजाला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, त्याच्या या संघटनेने पहिल्याच कार्यक्रमपत्रिकेत पुस्तक लिहिले! यामागे बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव होता. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका मुलाला दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि त्या एका पुस्तकाने पेरलेले बीज पुढे १९५६ साली नागपुरात कसे उगवले हे तुम्हाला सांगायला नको. पुस्तकाने काय होते असे कोणी विचारले, तर तुमच्या घरातील पंचशीलाच्या ध्वजाकडे बोट दाखवा.

आता बडोद्याकडे वळू. बाबासाहेबांना १९१३ साली अमेरिकेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून आपल्या संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली होती. त्यासाठी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी मुद्दाम बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत पाठविल्या जात. एका गावाचे वाचून झाले की दुसरी पेटी येई. त्याच खात्याची एक शाखा खेड्यांतून पारदर्शिका व चलच्चित्रे मोफत दाखवीत असे, जेणेकरून ज्याला अक्षर येत नाही त्यालाही जग दिसावे. ग्रंथालयाने पुस्तकांबरोबर चित्रपटही लोकांपर्यंत न्यावा, ही कल्पना आज नवी वाटत असली तरी आपल्या देशात ती शंभर वर्षांपूर्वी अंमलात आली होती.

परंतु याच बडोद्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. १९१७ साली परदेशातील विद्या घेऊन नोकरीसाठी तेथे परतलेल्या त्याच विद्वानाला राहण्यास जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना लाठ्याकाठ्यांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले आणि दिवसाचे काही तास त्यांना सार्वजनिक बागेत काढावे लागले. संस्थानाची ग्रंथालये मोफत होती, पण नगरातील दारे बंद होती. राज्यकर्त्याची सदिच्छा आणि समाजाचे वर्तन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या बागेतला आहे. यासाठीच बाबासाहेबांनी पुढे राज्यकर्त्याच्या सदिच्छेवर विसंबून न राहता हक्क घटनेत लिहून ठेवले.

ते हक्क कोणते, हे सोप्या शब्दांत सांगतो. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड असे सांगतो की, राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी अर्पण केलेल्या सार्वजनिक वापराच्या ठिकाणी कोणाही नागरिकाला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून मज्जाव करता येणार नाही. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार सरकारी अनुदान मिळते. अशी हजारो ग्रंथालये आज राज्यात आहेत. त्यांचा कारभार खाजगी संस्था पाहतात हे खरे. पण पैसा सरकारी तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीत तुम्ही विकत घेतलेल्या कितीतरी जिनसांवरचा कर जमा असतो. म्हणजे ते कपाट तुमच्याही पैशाने भरले आहे. शिवाय १९५५ चा अस्पृश्यता अपराध अधिनियम, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले, तो अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक ठिकाणी अटकाव करणाऱ्यास शिक्षा सांगतो. कायद्याची बाजू इतकी भक्कम आहे.

तुम्ही म्हणाल, आता ग्रंथालयाच्या दारात कोण अडवतो? उघडपणे कोणी अडवीत नाही, हे आम्हीही मान्य करतो. बहुतेक ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर प्रामाणिकपणे काम करणारे आहेत आणि वाचक आला की त्यांना आनंदच होतो. परंतु अटकावाचे नवे प्रकार तोंडाने बोलत नाहीत. नवे सभासद घेणे सध्या बंद आहे, अनामत रक्कम वाढली आहे, ते पुस्तक बाहेर गेले आहे, त्या प्रकारची पुस्तके येथे कोणी मागत नाही, अशी ती गुळमुळीत उत्तरे असतात. यांपैकी शेवटचे उत्तर सर्वांत घातक आहे, कारण ते पुष्कळदा खरे असते! आपण मागत नाही म्हणून ते घेत नाहीत, आणि ते घेत नाहीत म्हणून आपण जात नाही. हे रहाट आपणच थांबविले पाहिजे.

त्याचा उपाय भांडण हा नव्हे. पहिल्या दिवशी नम्रपणे सभासदत्वाचा अर्ज मागा, वर्गणी व अनामत भरा, पावती घ्या. संस्थेच्या घटनेत नुसता वर्गणीदार वाचक आणि मताचा अधिकार असलेला सभासद असे दोन प्रकार आहेत का, हे विचारून घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या प्रकारचे सभासद व्हा, कारण कोणती पुस्तके घ्यावीत हे ठरविणारी कार्यकारिणी वार्षिक सर्वसाधारण सभेत निवडली जाते. हवे असलेले पुस्तक नसेल तर सूचनावहीत लेखकाच्या व प्रकाशकाच्या नावासह स्वच्छ अक्षरात नोंद करा. एकाने केलेली मागणी विसरली जाते. दहा घरांनी केलेली मागणी पुढल्या खरेदीच्या यादीत जाते. एवढ्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. त्या ग्रंथालयाला किती अनुदान मिळाले आणि त्यातून कोणती पुस्तके घेतली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्याच कार्यालयाला विचारता येते. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात एकच विषय ठेवा आणि तो दीडशे शब्दांच्या आत बसवा. जो शांतपणे अर्ज लिहितो त्याला कोणी फार काळ टाळू शकत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. घरातील प्रत्येक माणसासाठी एक याप्रमाणे ती आणावीत, असे आम्ही सुचवितो.

लहान मुलांपासून सुरुवात करा, आणि त्यांना आरंभीच चळवळीचा इतिहास पाठ करायला लावू नका. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा त्यांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा प्रथम त्यांच्या हाती द्या. पुस्तक गोड लागते ही खात्री एकदा पटली की मूल आपण होऊन पुढल्या फळीकडे हात करते. मग ‘भीमायन’ आणा. ते मुळात इंग्रजीत २०११ साली निघाले; दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी पाणी, निवारा आणि प्रवास या तीन प्रकरणांत बाबासाहेबांच्या जीवनातील प्रसंग रेखाटले आहेत. इंग्रजी न येणारे मूलही त्या चित्रांवरून बोट फिरवीत कथा समजून घेऊ शकते. घरातील मोठ्या मुलीला अर्थ सांगायला बसवा. दोघांचाही अभ्यास होईल.

शाळेच्या वरच्या वर्गातील व महाविद्यालयातील मुलांसाठी अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची ‘फकिरा’, बाबुराव बागुलांचा १९६३ चा ‘जेव्हा मी जात चोरली होती’, आणि दया पवारांचे १९७८ चे ‘बलुतं’ ही पुस्तके कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात असावयास हवीत. नसतील, तर सूचनावहीतील पहिली नोंद तीच करा. नव्या पुस्तकांपैकी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ अवश्य मागा. मराठवाड्यातील महार व मांग घरांच्या चुलीवर काय शिजत असे याची नोंद करणारे हे पुस्तक २०१५ साली मराठीत आले आणि २०२४ साली त्याचे इंग्रजी रूप निघाल्यावर देशभर त्याची चर्चा झाली. आपल्या आजीच्या हातची चव हीदेखील इतिहासाची साधनसामग्री असते, हे त्यातून मुलांना उमगेल. इंग्रजी वाचू शकणाऱ्यांनी अशोक गोपाळ यांचा २०२३ चा आणि आनंद तेलतुंबडे यांचा २०२४ चा असे बाबासाहेबांवरील दोन नवे, जाडजूड चरित्रग्रंथ मागावेत. या दोघांच्या दृष्टीत फरक आहे, आणि तेलतुंबडे यांची काही मते आपल्यातील अनेकांना रुचणार नाहीत. तरीही वाचा. न रुचणारे मत वाचून त्याला उत्तर शोधणे हे बुद्धीचे लक्षण आहे. न वाचता रागावणे हे सोपे आहे, पण ते आपल्याला शिकविलेले नाही.

घरातील स्त्रियांसाठी वेगळी यादी करावी लागते, याचे आम्हाला वाईट वाटते. पण घरात पुस्तक आले तरी ते त्यांच्या हाती शेवटी पडते ही वस्तुस्थिती आहे. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, ऊर्मिला पवार यांचे २००३ चे ‘आयदान’ ही आत्मकथने त्यांच्याच बोलीत लिहिलेली आहेत. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक आंबेडकरी चळवळीत स्त्रियांनी काय केले याची साक्ष देते. ही चारही पुस्तके एकाच वेळी चार घरांनी आणावीत आणि आठवड्याने आपसात बदलावीत. देवघेवीची मुदत मात्र पाळावी. ज्याच्या कार्डावर पुस्तक आहे, जबाबदारीही त्याचीच असते.

ज्येष्ठांसाठी काय आणाल? चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र बारा खंडांचे आहे. त्याचा पहिला खंड १९५२ साली निघाला. राज्य शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांतील अठराव्या खंडाच्या तीन भागांत त्यांची मराठी भाषणे आहेत. हे सर्व विकत घेऊन घरी ठेवणे मजुरीवर चालणाऱ्या कुटुंबाला जमणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. ग्रंथालय याचसाठी असते. ज्या आजोबांना अक्षर येत नाही त्यांना नातीने रोज संध्याकाळी एक भाषण वाचून दाखवावे. आपल्या वस्त्यांत वर्तमानपत्र असेच वाचले जात असे. एक वाचणारा आणि भोवती पन्नास ऐकणारे. त्या पद्धतीला कमीपणा मानू नका, ती आपली पहिली शाळा होती.

चित्रपटांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. पाश्चात्त्य देशांतील सार्वजनिक ग्रंथालये चित्रपटांच्या तबकड्या पुस्तकांप्रमाणेच घरी नेऊ देतात. आपल्याकडे असे करणारी ग्रंथालये थोडी आहेत, आणि कारण विचारले की कायद्याकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः कायदा येथे ग्रंथालयाच्या बाजूने आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली तिने असे स्पष्ट केले की, नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने रीतसर मिळविलेली चित्रपटाची प्रत नफ्याच्या हेतूवाचून उसनी दिली तर ते व्यापारी भाड्याने देणे ठरत नाही. तेव्हा ग्रंथालयाने अधिकृत तबकडी विकत घ्यावी आणि सभासदाने ती घरी नेऊन कुटुंबासह पाहावी, यात काहीही गैर नाही. चोरून उतरविलेली प्रत मात्र ग्रंथालयात ठेवता येत नाही. आणि घरात पाहणे वेगळे, विहाराच्या पटांगणात पडदा लावून सर्व वस्तीला दाखविणे वेगळे. तिकीट लावले नाही तरी अशा प्रदर्शनासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. ती पत्र लिहून आधी मागावी. मागणाऱ्यांना ती मिळणे अशक्य नसते.

कोणते चित्रपट मागावेत? आचार्य अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ हा १९५४ चा चित्रपट जुना असला तरी आजही पाहण्याजोगा आहे. त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले होते. त्याच्याशेजारी २०२५ चा हिंदी ‘फुले’ ठेवून पाहा. हा दुसरा चित्रपट वादामुळे ११ एप्रिलऐवजी २५ एप्रिलला पडद्यावर आला. सत्तर वर्षांच्या अंतराने ज्योतिबा व सावित्रीमाई यांची कथा सांगताना कोणी काय दाखविले आणि काय गाळले, याची यादी मुलांना करायला सांगा. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा २००० साली आलेला चित्रपट प्रत्येक ग्रंथालयात असावा. बाबासाहेबांची भूमिका करणारे मामुट्टी केरळचे, मल्याळम बोलणारे; बाबासाहेब कोणा एका प्रांताचे वा एका जातीचे नव्हेत, हे त्यावरूनही मुलांना कळेल. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा ‘फँड्री’ पाहताना शेवटी मुले गप्प होतील. तेव्हा त्यांच्याशी बोला, त्यांना एकटे सोडू नका.

दोन चित्रपट आम्ही विशेष करून सुचवितो. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा २०११ चा माहितीपट ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबाराचा आणि त्यानंतरच्या वर्षांचा मागोवा घेतो. त्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. पुढे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. हा चित्रपट लहान मुलांसाठी नाही, मोठ्यांनी पाहावा. दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ चा ‘कोर्ट’. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराच्या मृत्यूला एका लोकशाहीराचे गाणे जबाबदार आहे असा खटला उभा राहतो, आणि तारखांमागून तारखा पडत जातात. अखेरीस न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. न्यायाधीश सहलीला जातात. आरोपी मात्र कोठडीतच असतो. सुट्टी सर्वांना सारखी येत नाही, ही गोष्ट कायद्याच्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा तो शेवट अधिक स्पष्टपणे सांगतो.

यावर कोणी म्हणेल, हे सारे आता मोबाइलवर मिळते. ग्रंथालयाची यातायात कशाला? मिळते हे खरे, पण कोणाला, किती काळ आणि कोणाच्या मर्जीने? एका वकिलाने आदिवासी स्त्रीसाठी ‘हेबियस कॉर्पस’च्या अर्जावर दिलेला लढा सांगणारा तमिळ ‘जय भीम’ २०२१ साली चित्रगृहात न येता वर्गणीच्या वाहिनीवरच आला. ती वर्गणी थांबली की चित्रपटही घरातून जातो. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत क्रमांक पडलेली वस्तू मात्र सार्वजनिक मालमत्ता होते. आज तुम्ही ती घरी नेता, उद्या तुमच्या शेजाऱ्याची मुलगी नेईल. आणखी एक गोष्ट आहे. मोबाइल मुलाला तेच पुनःपुन्हा दाखवितो जे त्याने काल पाहिले. ग्रंथालयातील फळी त्याला ते दाखविते ज्याचे नावही त्याने ऐकलेले नसते. नवशिक्षित समाजाला या दुसऱ्या गोष्टीची गरज अधिक आहे.

आता थोडे आपल्या स्वतःच्या घराविषयी, आणि ते ऐकून तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर जी गर्दी उसळते तिचा आम्हाला अभिमान आहे. भाकरीचे पैसे वाचवून ग्रंथ घेणारी माणसे जगात फार नाहीत. पण ते ग्रंथ घरी आल्यावर त्यांचे काय होते? पुष्कळ घरांत ते तसबिरीखाली ठेवले जातात, त्यांच्यावर फूल वाहिले जाते, आणि पाने चिकटलेलीच राहतात. पुष्कळ विहारांत काचेचे कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पोथीची पूजा करण्याची जुनी सवय धर्म बदलला म्हणून आपोआप जात नाही. ती मोडावी लागते. ज्यांनी ग्रंथांसाठी दादरला राजगृह बांधले, त्यांच्या अनुयायांनी ग्रंथांना कुलूप घालावे यापरता विपर्यास कोणता?

म्हणून विहारांच्या समित्यांना आमची सूचना आहे. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिक्षेपकांवर जो खर्च होतो त्याचा दहावा हिस्सा बाजूला काढा आणि वस्तीतील प्रत्येक शाळकरी मुलामुलीची सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी भरा. विहारातील कपाट उघडा, प्रत्येक पुस्तकाला क्रमांक द्या, एक दाखल वही व एक देवघेव वही ठेवा, आणि दहावी झालेल्या एखाद्या मुलीकडे सुट्टीपुरते हे काम सोपवा. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास असा ठेवा की, आठवड्यात ज्याने जे वाचले वा पाहिले ते त्याने उभे राहून पाच मिनिटांत सांगावे. आरंभी दोनच मुले बोलतील. सुट्टी संपताना बोलणाऱ्यांना वेळ पुरणार नाही.

प्रत्येक कुटुंबाने या सुट्टीत किमान इतके करावे. पहिल्या आठवड्यात आईवडिलांनी मुलांना घेऊन स्वतः ग्रंथालयात जावे, मुलांना एकटे पाठवू नये. मजुरीच्या वेळा आड येत असतील तर संध्याकाळी किती वाजेपर्यंत देवघेव चालते हे विचारून जावे. अर्जावर मुलाबरोबर मुलीचेही नाव घालावे, आणि दोघांपैकी एकाचेच नाव घालणे शक्य असेल तर मुलीचे घालावे. आणलेले पुस्तक वेळेवर, कव्हर घालून, पान न दुमडता परत करावे. आपल्या हाताला लागलेले पुस्तक स्वच्छ परत गेले, ही गोष्टदेखील ग्रंथालयात कोणाच्या तरी जुन्या समजुतीला उत्तर देते. आणि सूचनावहीत सुट्टीभरात निदान एक नोंद करावी.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळच्या भिलार या गावी ४ मे २०१७ पासून घराघरांत वाचकांसाठी पुस्तके ठेवली आहेत. जमल्यास मुलांना तेथे घेऊन जा. पण ‘पुस्तकांचे गाव’ पाहायला दूर गेले नाही तरी चालेल. आपल्याच गावातील ग्रंथालयाच्या पायरीवर अजून आपल्यापैकी कित्येकांचे पाऊल पडलेले नाही. राज्य शासन उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयांना जो पुरस्कार देते त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. ज्या पुरस्कारावर बाबासाहेबांचे नाव कोरलेले आहे, तो मिळविणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासद-नोंदवहीत त्यांच्या लेकरांची नावे किती, हा प्रश्न आम्ही शासनाला विचारणार आहोतच. पण त्याआधी तो तुम्हाला विचारीत आहोत.

नोंदवही उघडी आहे. शाळा सुरू होण्यापूर्वी तिच्यात आपले नाव लिहून या.

जय भीम!